कलमवाले आण्णा

पंचगंगेच्या काठावर गळ घेऊन बसणाऱ्यांचे प्रकार ठरलेले आहेत. घरात भांडण झालं म्हणून आलेला, निवृत्तीनंतर डॉक्टरनं 'मन रमवा' म्हणून सांगितलं म्हणून आलेला, आणि खरोखरच मासे खायचे आहेत म्हणून आलेला. पहिला गळाकडे बघत नाही, दुसरा पाण्याकडे बघत नाही आणि तिसरा कुणाकडेच बघत नाही. चौथ्या प्रकारात एकच माणूस मोडतो. तो गळ टाकायच्या आधी खिशातून चष्मा काढतो, पिशवीतून फाईल काढतो, तिच्यातला एक कागद मनातल्या मनात वाचतो आणि आजूबाजूला बघून विचारतो, "कुणाची हरकत?"

हे आण्णा. शिवाजी पुलापासून कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यापर्यंत त्यांना 'कलमवाले आण्णा' म्हणतात. तोंडावर नुसतं आण्णा.

कोल्हापुरात नियम मोडायला धाडस लागत नाही, पाळायला लागतं. पिवळा दिवा लागल्यावर आण्णांनी स्कूटर थांबवली की मागचे चारजण हॉर्न वाजवतात आणि पाचवा उतरून पुढं येतो, "काय आण्णा, बंद पडली काय? ढकलू?" आण्णा शांतपणे म्हणतात, "दिवा पिवळा हाय." तो माणूस दिव्याकडे असा बघतो, की तो तिथं आहे हेच त्याला आज कळलं. बाकीचे लोक नियम न विचारता मोडतात. आण्णा विचारून पाळतात. आणि विचारूनही नियम सापडला नाही तर स्वतः तयार करून पाळतात. त्यांच्या आयुष्यातला सगळा त्रास या शेवटच्या सवयीतून आलेला आहे.

आण्णा पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे कोल्हापुरातलं शाळकरी पोरगंही सांगतं. आण्णा घरातही त्याच फुटपट्टीनं मोजतात. काकू स्वयंपाकघरातून पहिल्यांदा बोलल्या की "एकोणचाळीस", दुसऱ्यांदा बोलल्या की चपला घालून नदीवर.

त्यांचा गळ मात्र खरोखर बघण्यासारखा. जाड तंगूसची मुख्य दोरी, तिच्या शेंड्याला शिशाची गोळी, आणि गोळीपासून वर वीत-वीत अंतर सोडून बांधलेले बारीक तंगूसचे बोटभर लांबीचे पाच तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एकेक गळ. तुकडा बोटभरच का, तर तो लांब ठेवला की शेजारच्या गळाला गुंततो, आणि गुंता सोडवताना तोंडातून जे शब्द निघतात ते सार्वजनिक ठिकाणी उच्चारायचे नसतात. म्हणजे तिथंही एक कलम आहेच. तळाच्या दोन गळांना गांडूळ, कारण मृगळ आणि वांब तळाशी फिरतात. मधल्या दोनांना कणकेची गोळी, तीत हिंग आणि कुजवलेली शेंगपेंड. ती रोहूसाठी, कारण रोहू मधल्या पाण्यात चरतो. सगळ्यात वरच्या गळाला पेंडेची मोठी गोळी, ती कटल्यासाठी, कारण कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं आणि त्याचा चारा वरच्या पाण्यात. पाचही गळांच्या गाठीजवळ रंगीत दोऱ्याची खूण आणि फाईलमध्ये कोणत्या खुणेचा गळ कोणत्या माशासाठी याचा तक्ता. तक्त्याखाली आण्णांची सही. सहीखाली तारीख.

चिलापी मात्र हा तक्ता वाचत नाही. १९५२ साली बाहेरून भारतात आणलेला हा मासा आता तळं म्हणू नका, ओढा म्हणू नका, सगळीकडे आहे, आणि तो आण्णांच्या पाचही गळांना लागतो. गांडूळ खातो, कणीक खातो, पेंड खातो. चिलापी वर आली की आण्णा तिला हातात धरून विचारतात, "ही जागा तुझी हाय का?" तात्या नावाचा त्यांचा शेजारी गळवाला म्हणतो, "आण्णा, तिला अतिक्रमणाची नोटीस काढा, पण आधी पिशवीत टाका."

आता गळ पाचच का? चार का नाहीत, सात का नाहीत? या प्रश्नानं आण्णांची झोप उडवली होती, आणि तो प्रश्न आला अमेरिकेतून.

आण्णांचा भाचा मिशिगनमध्ये असतो. जानेवारीत एकदा त्याचा फोन आला.

"मामा, बर्फावर बसलोय."

"घसरलास काय?"

"न्हाई वो, मासे धरायलोय. लेक सेंट क्लेअर गोठलंय."

आण्णांनी फोन स्पीकरवर टाकला आणि काकूंना हाक मारली. भाच्यानं सगळं सांगितलं. स्वच्छ, घट्ट बर्फ निदान चार इंच झाला की माणसं त्यावर पाय ठेवतात. मोठ्या गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, हातभर लांबीची काठी घ्यायची, भोकातून दोरी खाली सोडायची. पर्च नावाचा पिवळसर, पट्ट्यापट्ट्यांचा मासा थव्यानं फिरतो, म्हणून एकाच दोरीला शिशाच्या वर दोन गळ बांधायचे. थवा आला की दोन्ही एकदम ओढतात. वारा लागू नये म्हणून बर्फावरच छोटी खोपी उभी करायची आणि आत शेगडी.

काकू म्हणाल्या, "आगं बाई! कानटोपी घाल रं!"

आण्णांनी थंडीचं काही विचारलं नाही, माशांचंही नाही. ते म्हणाले, "परवाना हाय?"

"हाय मामा. दरवर्षी काढावा लागतो. एकतीस मार्चला मुदत संपते."

"मार्चएंड तिथंबी हाय!" आण्णांच्या चेहऱ्यावर घरचं माणूस परदेशात भेटल्याचा आनंद दिसला. "आणि गळ?"

"एका माणसाला तीन दोऱ्या. सगळ्या दोऱ्यांवर मिळून सहा गळ. त्याच्यावर एक जरी झाला तरी दंड."

"आणि तो नकली मासा असतोय बघ, प्लास्टिकचा, त्याला एकदम दोन-तीन गळ असतात. ते कसं मोजायचं?"

"त्या नकली माशाला कितीबी गळ असूदेत, सगळे मिळून एकच धरतात."

आण्णा उठून उभे राहिले. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला एक सरकार भेटलं होतं, जे गळ मोजत होतं. नुसतं मोजत नव्हतं, तर नकली माशाचे कसे मोजायचे याचा खुलासाही देत होतं. "याला म्हंत्यात प्रशासन," ते काकूंना म्हणाले. काकूंनी विचारलं, "मासा मिळाला का त्याला?" तो प्रश्न आण्णांना गौण वाटला.

फोन ठेवता ठेवता भाच्यानं आणखी एक सांगितलं. बर्फावर खोपी ठेवायची तर तिच्या प्रत्येक बाजूवर मालकाचं नाव-पत्ता लिहावा लागतो, अक्षरं निदान दोन इंच उंचीची.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी पाच गळांची दोरी तयार केली. मी विचारलं, "आण्णा, तिकडं सहा आहेत म्हणता."

"तिकडं बर्फ हाय मर्दा. आपल्याकडं न्हाई. म्हणून एक वजा."

"बर्फाचा आणि गळांचा संबंध काय?"

"प्रतिकूल हवामानाची सवलत असती ती. डोंगरी भागात नोकरी केली की भत्ता मिळतोय का न्हाई? मग? पंचगंगेच्या काठावर कसला आलाय भत्ता! एक गळ कट."

त्याच आठवड्यात आण्णांच्या काळ्या छत्रीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव आणि पत्ता आला, चारी बाजूंनी, दोन इंच उंचीच्या अक्षरांत. पत्त्यात पेठ, गल्ली, 'मारुतीच्या देवळामागे' आणि पिनकोड. पावसात लांबून छत्री दिसली की लोक म्हणायचे, "ते बघ, घर चाललंय." एकदा पोस्टमननं घाटावरच त्यांना पत्र दिलं, त्याला पत्ता बरोबर वाटला.

पुढं भाच्याच्या मित्राकडून कळलं, की शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात हिशेब वेगळा आहे. तिथं एका माणसाला गळ आणि आमिषं सगळी मिळून तीनच. आण्णांनी ते फाईलमध्ये नोंदवलं आणि समासात लिहिलं, 'आवश्यकता भासल्यास विचार करावा.'

परदेशी नियमावर घर चालत नाही, देशी आधार पाहिजे, म्हणून आण्णांनी भारतीय मत्स्य कायदा, १८९७ मिळवला. सगळा कायदा सात कलमांचा, एका बसकीत वाचून होतो. आण्णांनी तो पाठ केला. त्यांना पहिलं समाधान इतिहासाचं मिळालं. "अठराशे सत्त्याण्णवला आपल्या गादीवर शाहू महाराज. इंग्रजांचा कायदा संस्थानाला कशाला लागू हुतोय? एक मार्च एकोणीसशे एकोणपन्नासला संस्थान विलीन झालं, तवापासनं हे सुरू झालं." कोल्हापूरच्या माशांचं पारतंत्र्य त्या तारखेपासून सुरू झालं, असं त्यांचं मत आहे.

दुसरी गोष्ट मात्र चिंतेची निघाली. सातही कलमांत गळ किती वापरायचे हे कुठंच नव्हतं. होतं ते सुरुंगाचं, विषाचं आणि जाळ्यांचं. चौथं कलम सांगतं, मासे मारायला पाण्यात सुरुंग उडवला तर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. पाचवं विषाचं, चुन्याचं आणि घातक पदार्थाचं. आणि तिसऱ्या कलमात 'स्थिर साधन' म्हणजे काय ते सांगितलंय: मासे धरण्यासाठी जमिनीत रोवलेलं किंवा दुसऱ्या कुठल्याही रीतीनं एका जागी स्थिर केलेलं जाळं, पिंजरा, सापळा किंवा इतर साधन. असलं साधन कुठं चालेल, कुठं नाही, हे राज्य सरकार नियम करून ठरवू शकतं.

या एका वाक्यानं आण्णांचं बसणं-उठणं अवघड केलं. सगळे गळवाले काय करतात? दगडात फट बघतात, काठीचा बुडखा तिच्यात घालतात आणि तंबाखू मळत बसतात. आण्णांच्या मते काठी फटीत गेली की ती स्थिर साधन झाली. म्हणून त्या दिवसापासून आण्णा काठी हातातून सोडत नाहीत. चहा आला तर डाव्या हातानं पितात. शिंक आली तर काठीसकट शिंकतात, आणि पाचही गळ पाण्यात उसळतात. एकदा लघवीला जायची वेळ आली तेव्हा त्यांनी काठी तात्याकडे दिली, चार पावलं गेले आणि परत आले.

"काय झालं?"

"तू माझी काठी धरलीस, म्हंजे तुझी एक आणि माझी एक, दोन झाल्या. एका माणसाला किती काठ्या हे कुठं लिहिलंय?"

"तिकडं मिशिगनात तीन हाईत म्हणालासा की!"

आण्णांचा चेहरा उजळला. "व्हय की!" म्हणाले आणि पळत गेले. परदेशी नियमाचा प्रत्यक्ष लाभ झालेला मी पाहिलेला तो एकमेव प्रसंग.

सातवं कलम मात्र त्यांना फार आवडलं. सुरुंग किंवा विष वापरताना कुणी डोळ्यांसमोर सापडला, त्याचं नाव-पत्ता माहीत नसेल, आणि वर तो सांगत नसेल किंवा खोटं सांगतोय असा संशय असेल, तर पोलिसांना त्याला वॉरंटशिवाय धरता येतं. आण्णांनी छत्री उघडून दाखवली. "मला धरताच येत न्हाई. चारी बाजूंनी लिहिलंय."

"पण आण्णा, तुम्ही सुरुंग कुठं लावताय?"

"लावत न्हाई, ही गोष्ट वेगळी. पण तयारी पाहिजे."

गळांच्या संख्येचा प्रश्न लटकतच राहिला होता. तेव्हा आण्णांनी माहितीचा अधिकार, २००५ वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून त्यांनी एका कार्यालयात अर्ज दिला: 'एका इसमाने एका दोरीस जास्तीत जास्त किती गळ लावावेत, याबाबतच्या आदेशाची साक्षांकित प्रत मिळावी.' तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, की अशी माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सुटलो, आता पन्नास लावू. आण्णांनी पहिलं अपील केलं.

सुनावणीला मी बरोबर गेलो होतो. साहेब तरुण होते, शांत होते. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, "आपण सध्या किती गळ वापरता?"

"पाच."

"कुणाची तक्रार आहे का?"

"न्हाई साहेब."

"मग अडचण काय आहे?"

"तक्रार न्हाई हीच अडचण. पाच बेकायदा असतील तर मला कळलं पाहिजे, आणि कायदेशीर असतील तर सहाव्याचं काय?"

साहेब थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली करून म्हणाले, "मासे लागतात का पण?"

"साहेब, विषयाशी सुसंगत विचारा," आण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आण्णा, मासे लागतात का नाही ते तरी सांगायचं." ते काही बोलले नाहीत. कारण मासे लागत नाहीत असं नाही, लागतात. पण ते घरी येत नाहीत. आण्णांनी एक लांबीचा नियमही स्वतःच केलेला आहे. पिशवीत शाळेची लाकडी फूटपट्टी असते. मासा वीतभर नसला तर परत. वीत आण्णांची, म्हणजे नऊ इंच. साडेआठचा निघाला तर त्याला म्हणतात, "पुढच्या वर्षी ये." त्यातून पोटात गाभोळी दिसली तर लांबी कितीही असो, परत. त्यातून चिलापी असली तर घरी न्यायला हरकत नाही, पण ती कधी वीतभर भरत नाही. असा तीन गाळण्यांतून उरलेला मासा वर्षातून क्वचित घरी पोहोचतो. काकू तोवर चटणी काढून, कोकमं भिजवून, तवा ठेवून बसलेल्या असतात. मग गॅस बंद करतात आणि अंबा घाटातून आलेला रत्नागिरीचा बांगडा बाजारातून आणतात.

"हे बघा," एकदा काकू माझ्यासमोर म्हणाल्या, "ह्या शहरात लोक तांबड्या-पांढऱ्यासाठी रांगा लावतात. मी म्हटलं असेल, मटण आणा? न्हाई म्हटलं. मासाच आणा म्हटलं. तर हे नदीवर जाऊन मोजून येतात."

"मोजल्याशिवाय कसं आणायचं?" आण्णा म्हणाले.

काकूंचा आवाज एकोणचाळीसला गेला. आण्णांनी चपला शोधल्या.

जूनचा पहिला पाऊस पडला की आण्णांचा खरा हंगाम सुरू होतो, म्हणजे मासे न धरण्याचा. ओढ्यांना नवं पाणी येतं, आणि अंडी घालायला मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, ओढ्यातून भाताच्या खाचरापर्यंत. हे चढणीचे मासे. एका रात्रीत गावं रिकामी होतात आणि ओढे भरतात. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या हातात बायकोच्या माहेरची मच्छरदाणी. आण्णा त्या गर्दीत छत्री घेऊन उभे राहतात आणि एकेकाला समजावतात, की एका गाभोळीतली हजारो अंडी म्हणजे पुढच्या वर्षीची नदी आहे. लोक ऐकून घेतात, माणूस चांगला आहे म्हणून. एकदा एका पोरानं त्यांच्यापुढं अर्धी बादली धरली. "घ्या आण्णा, तुम्ही एवढं बोललासा, हक्क हाय तुमचा." बादलीत गाभोळीनं फुगलेले मासे तडफडत होते. आण्णांनी पट्टी काढली, मग परत पिशवीत ठेवली. मच्छरदाणीतून आलेल्या माशांना पट्टी लावून काय करणार? बादली घेऊन ते थोडं वर गेले आणि ओढ्यात ओतली. पोरगं म्हणालं, "वर बी आमचीच माणसं हाईत की वो!"

मग ती सकाळ. वरच्या अंगाला कुठंतरी दबका आवाज झाला आणि थोड्या वेळानं पाण्यावरून पोट वर करून मासे वाहत आले. लहान, मोठे, बोटभर, सगळे. जिलेटिन. काठावर सगळ्यांना माहीत होतं, आणि कलम एकट्या आण्णांना. ते ओल्या पायांनी एका चौकीत गेले आणि चौथं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. समोरच्या माणसानं वही ओढली. नाव विचारलं, आण्णांनी छत्री उघडली. पत्ता विचारला, आण्णांनी छत्री फिरवली.

"तुम्ही तिथं काय करत होता?"

"मासे धरत होतो."

"कशानं?"

"गळानं. पाच गळ."

त्या माणसाची लेखणी थांबली. "पाच? चालतात व्हय पाच?"

सुरुंग कुणी लावला, कुठून आला, हे बाजूला राहिलं. आण्णा पाऊण तास उभे राहून सहा वजा एक कसे होतात आणि बर्फ नसला की काय करायचं हे समजावत होते.

पंचगंगेत मासे मरतात याची बातमी कोल्हापूरकराला नवी नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, वरून सांडपाणी आलं, की शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच साचतो. हे वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात येतंय. एकदा अशी बातमी वाचून आण्णा एसटीनं तिकडं गेले. मला बरोबर घेतलं. वासानं बंधारा दुरूनच कळत होता. काठावर मासे एकावर एक पडलेले. आण्णांनी रुमाल नाकाला बांधला, खाली बसले आणि पट्टी काढली.

कटला, अठरा इंच. रोहू, सोळा. मरळ, पट्टी दोनदा लावूनही उरली. वांब पट्टीवर सरळ होईना. इतके मोठे मासे आण्णांनी गळाला लावून कधी बाहेर काढले नव्हते. वीतभरापेक्षा लहान एकही त्यांनी उचलला नाही. लहान होते, पण चिखलात दिसत नव्हते.

"माशाला पाण्यात लिटरला चार मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो," ते उठताना म्हणाले. "केंद्राच्या प्रदूषण मंडळानं मासे जगवायच्या पाण्याला हाच आकडा ठरवलाय. सांडपाण्यातली घाण कुजायला लागली की पहिला प्राणवायू तीच पिती. मासा राहतो मागं."

"पाचवं कलम लागेल ना मग?" मी विचारलं. "विष, चुना, घातक पदार्थ?"

आण्णांनी फाईल उघडली नाही. पाठच होतं.

"त्यात एक शब्द हाय. 'हेतूनं.' मासे धरायच्या न्हाईतर मारायच्या हेतूनं पाण्यात टाकलं तर गुन्हा. आता ज्यानं हे पाणी सोडलं त्याचा हेतू काय? घाण दारातनं घालवायची. मासे मारायचा न्हवताच. आणि माझा हेतू बघ. पहाटे उठतो, कणीक मळतो, हिंग घालतो, पाच गाठी मारतो. शंभर टक्के मासे मारायचा. हेतू सगळा माझ्याकडं, मासे सगळे हितं."

"मग १९७४ चा पाण्याचा कायदा?"

"त्यो हाय. त्याचं कार्यालय येगळं, फाईल येगळी, पंचनामा येगळा. पंचनामा होतोय की दरवेळी. मासे मेले याच्यावर सगळ्यांचं एकमत हाय."

परतीच्या एसटीत ते कंडक्टरकडून सुट्टे घेऊन खिडकीला टेकून बसले आणि जयसिंगपूर येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग फाईल मांडीवर घेऊन काहीतरी लिहू लागले. मी डोकावलो. 'पंचगंगा नदीतील मत्स्यसाठ्यात झालेली घट विचारात घेता, उद्यापासून पाच गळांऐवजी तीन गळ वापरण्यात यावेत. विस्कॉन्सिन पद्धत लागू.'

"आण्णा! तिथले मासे तुम्ही मारलेत काय? तुम्हाला कशाला कपात?"

"मासे कमी झाले, म्हंजे कपात कुणाला तरी लागली पाहिजे."

"ज्यांनी मारले त्यांना लावा की."

"ते नियम वाचतात काय?" आण्णा म्हणाले. "जो वाचतो त्यालाच लावता येतो मर्दा. हितं दुसरा कोण हाय?"

दुसऱ्या दिवशी घाटावर आण्णा तीन गळांची दोरी घेऊन आले. तळाला एक, मधे एक, वर एक. तात्यानं विचारलं, काय झालं? आण्णांनी आदेश वाचून दाखवला. तात्यानं आपल्या दोरीकडे पाहिलं, तिला आठ गळ होते. ती त्यानं हळूच गुडघ्याखाली सरकवली. काकूंना घरी कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाच गळांनी रिकामी पिशवी आणत होता, आता तीनांनी आणा. ओझं कमी."

एवढ्यावर हे संपायला हरकत नव्हती. पण आठवड्यानं आण्णांना फाईल चाळताना आढळलं, की कपातीच्या आदल्या दिवशीपर्यंत ते पाच गळ वापरत होते आणि त्या काळात मासे कमी होतच होते. म्हणजे आदेश काढायला उशीर झाला. जबाबदारी निश्चित करणं भाग होतं. त्यांनी स्वतःला कारणे दाखवा नोटीस काढली, सात दिवसांत लेखी खुलासा करावा म्हणून, आणि पोचपावतीवर स्वतःच सही करून ती स्वीकारली.

मुदत गेल्या सोमवारी संपली. खुलासा आलेला नाही. आण्णांनी आण्णांना पहिलं स्मरणपत्र पाठवलं आहे.